दोराची वाट

मामंजींच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो नेमका 'हो'. त्याच्या जागी 'नाही' उरला असता तर पुढचा सगळा घोळ टळला असता, असं मी आजही म्हणते.

एका सकाळी हौदावर तोंड धुताना मामंजी एकदम खाली बसले. दवाखान्यात सांगितलं, मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबली. पुढे घरी आले ते काठी टेकत का होईना, आपल्या पायांनी आले. उजवा हात मात्र लुळा पडला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे कसं? कान शाबूत, अक्कल शाबूत. सांगायला तोंड उघडायचे आणि बाहेर पडायचं 'हो'. पाणी हवं, हो. पाणी नको, हो. राग आला तरी हो, हो, हो, फक्त जोरात.

एक शिवी तेवढी शिल्लक होती. गरम चहा मांडीवर सांडला तेव्हा ती अशी खणखणीत बाहेर पडली की मी तोंड फिरवून हसू दाबलं. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, तर आनंदाने रडायलाच लागल्या. "बोलले! सूनबाई, बोलले ते!" मग पुन्हा बोलावं म्हणून त्यांनी किती विनवण्या केल्या. मामंजी म्हणाले, "हो."

आमचं घर दोर वळणाऱ्यांचं. घराच्या मागून नदीच्या उताराकडे एक लांब, अरुंद, सरळ पट्टी जाते. तिला आम्ही दोराची वाट म्हणतो. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला दगडांनी भरलेली घसरगाडी, मधे बेचक्यांचे खांब आणि त्यांवरून ताणलेले तागाचे तीन पेड. पीळ बसला की दोर आखडतो, म्हणून दोर जेवढा हवा त्याहून वाट लांब लागते. नदीवरचा तराफा ज्या दोराला धरून या काठाहून त्या काठाला ओढतात, तो अखंड दोर वळायला पुरेल एवढी वाट आसपास आमचीच.

चाक फिरवायचं माझ्याकडे, लग्न होऊन आले तेव्हापासून. आमचे हे ट्रकवर, घरी येतात ते पाहुण्यासारखे. पलीकडच्या टोकाला मामंजी, तीन खाचांचा लाकडी ठोकळा पेडांमधे धरून. तो ठोकळा ते चाकाकडे सरकवत आणत आणि त्याच्या मागे दोर तयार होत यायचा. मधल्या भागात आत्याबाई, पेडांवर ओलं फडकं फिरवत आणि बोलत. आत्याबाईंचं बोलणं सकाळी सुरू झालं की जेवायलाच थांबायचं. चाकाचा खडखडाट, नदीवरचा वारा, त्यात आत्याबाई. मामंजींची हाक मला कुठली ऐकू यायला! म्हणून ते पेडालाच हिसका द्यायचे. एक हिसका म्हणजे चालू दे. दोन हिसके म्हणजे थांब. तेवढं हाताला कळलं की पुरे, मी मान वर करूनही बघत नसे.

मामंजी आजारी पडले आणि चाक बंद झालं. वाटेवर गवत माजलं. वाटेच्या पलीकडे गिरणीवाल्यांनी नवी वखार बांधली होती, आणि त्यांच्या गाड्यांना मोठ्या रस्त्याला लागायला केवढातरी वळसा पडायचा. आमची वाट मिळाली की सरळ रस्ता. एक दिवस ते मामंजींच्या धाकट्या भावाला, आमच्या काकांना, बरोबर घेऊन आले. काकांना वखारीवर मुकादमी मिळायची होती, हे मला मागाहून कळलं. आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या, मी आत चुलीपाशी.

"दादा," गिरणीवाले ओरडले. मामंजी बहिरे झाल्यासारखे सगळेच त्यांच्याशी ओरडून बोलायचे. "वाट रिकामीच पडलीय. आमच्या रस्त्याला द्याल?"

"हो," मामंजी म्हणाले.

"बदल्यात वरच्या अंगाची तेवढीच जमीन देतो. चालेल ना?"

"हो! हो! हो!" काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला.

"बघा, खूश झाला दादा," काका म्हणाले.

मी धावत बाहेर आले तोवर दोघे फाटकापाशी पोचले होते. "काका, ते सगळ्यालाच हो म्हणतात. तुम्हाला माहीत नाही का?"

"घरचा कर्ता हो म्हणाला, तू कशाला मधे तोंड घालतेस? दोर वळणार आहे का तो आता? वरची जमीन काळीभोर आहे, पेरून खा की."

गिरणीवाले जरा ओशाळले, पण म्हणाले, "सूनबाई, मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. बाजाराच्या दिवशी खडीची पहिली गाडी येईल."

वाईट माणूस नाही तो, फक्त धीर नाही. दोघे गेले तेव्हा मामंजी खांबाला टेकून उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभी. माणसाची वाट त्याच्याच तोंडून काढून घेतली होती, आणि त्याला ती परतही मागता येत नव्हती.

आठवड्यातून एकदा मोठ्या दवाखान्यातून एक बाई मामंजींना शिकवायला यायच्या. बोलायला शिकवणाऱ्या बाई, पण स्वतः मोजकंच बोलायच्या. आल्या की आधी रेडिओ बंद करायच्या, मग मामंजींच्या समोर बसून, न ओरडता, एका वेळी एकच गोष्ट विचारायच्या. चित्रं दाखवायच्या. मामंजींना कप माहीत होता, चूल माहीत होती, बोट बरोबर ठेवायचे. नाव मात्र ओठांपर्यंत येऊन अडायचं आणि घाम फुटायचा. बाई थांबायच्या. आत्याबाईंना ते थांबणं सहन व्हायचं नाही. "कप! अहो, कप म्हणा! क... प!" बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला की त्या गप्प व्हायच्या, पाणी प्यायला लागायच्या, आणि पुन्हा सुरू.

त्या आठवड्यात आत्याबाईंनी बाईंना वाटेची सगळी हकिगत सांगितली. बाईंनी मामंजींना विचारलं, "वाट द्यायची आहे?"

"हो."

"वाट ठेवायची आहे?"

"हो." आणि कपाळावर हात मारून घेतला मामंजींनी.

"कळतंय त्यांना," बाई म्हणाल्या, "तोंड ऐकत नाही." एका पुठ्ठ्यावर बरोबरची खूण आणि दुसऱ्यावर फुली काढून त्या समोर ठेवल्या. पण डावा हात जवळच्या पुठ्ठ्यावरच पडायचा. मान हलवायला सांगितलं तर मानही 'हो'बरोबर डोलायची. मामंजींनी शेवटी दोन्ही पुठ्ठे भिरकावले, आणि ती एकुलती एक शिवी घातली. बाईंनी पुठ्ठे शांतपणे गोळा केले.

"आजारी पडायच्या आधी हे न बोलता काय काय सांगायचे?"

"न बोलता?" आत्याबाई म्हणाल्या. "अहो, सगळंच न बोलता सांगायचे! म्हणायचे तेवढं 'अगं'. जन्मात माझं नाव घेतलं नाही त्यांनी. 'अगं' म्हणाले की पुढचं मीच ओळखायची आणि बोलून टाकायची."

बाई हसल्या नाहीत, फक्त ऐकून घेतलं. पण माझ्या हाताला एकदम काहीतरी आठवलं. "चाकाशी!" मी म्हटलं. "दोराला हिसका देऊन सांगायचे. एक म्हणजे चालू दे, दोन म्हणजे थांब."

मामंजींनी मान वर केली. त्या नजरेने मी दचकलेच. माणूस हरवलाय म्हणून हाका मारत हिंडावं आणि तो शेजारच्या खोलीतून बाहेर यावा, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"करून बघा," बाई म्हणाल्या. "पण आधी साधं साधं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. दोन्ही बाजूंनी विचारा. घाई करू नका."

आत्याबाईंना घाई करू नका म्हणणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणणं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकांना बोलावणं धाडलं, आणि गिरणीवाल्यांनाही. धुणं वाळत घालायची दोरी सोडून आणली, तिचं एक टोक मामंजींच्या डाव्या हातात दिलं, दुसरं चाकाच्या आकड्याला बांधलं. मी म्हटलं, "आत्याबाई, ही ढिली आहे हो." "दोरी ती दोरी," त्या म्हणाल्या. दोर वळणाऱ्याच्या घरात हे बोलणं! आणि मीही ऐकून घेतलं.

दोरी गवतात लोळत होती, मधेच एका खुंटाला अडकली होती. आत्याबाई पलीकडून ओरडल्या, "अहो, वाट द्यायची का?" मी आकड्यावर बोट ठेवून उभी. काही नाही. मामंजी पलीकडे हात झटकताना दिसत होते, पण गवताने सगळं गिळलं. आत्याबाईंनी पुन्हा विचारलं. दोरी खुंटावरून सुटली आणि एकदाच सैल हलली.

"एक!" काका म्हणाले. "एक म्हणजे हो ना? झालं तर मग." आणि हसले. "वहिनी, माणूस आजारी आहे. त्याला अंगणात माकडासारखा काय नाचवता?"

गिरणीवाल्यांनी खाली बघत काढता पाय घेतला. मामंजी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, जेवायलाही उठले नाहीत. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. एवढा वेळ गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला ते सोसेना.

"ढिल्या दोराने काय कळणार?" मी म्हटलं. "पीळ दिलेला हवा, ताणलेला हवा. खरा दोर हवा. तराफेवाल्याचं मागणं पडलंच आहे केव्हाचं."

"कोण वळणार?"

"आपण."

बाजाराच्या दिवसाला थोडेच दिवस राहिले होते. मी विळा घेऊन वाटेवरचं गवत काढलं. आत्याबाईंनी खोपटातला ताग काढून झटकला, फणीवरून ओढून सारखा केला. धुळीने त्यांना खोकल्याची उबळ यायची, पण थांबल्या नाहीत. चाकाच्या आसाला मी तेल घातलं. मोडलेली एक बेचकी काढून दुसरी रोवली. माझ्या तळव्याला जुन्या घट्ट्यांच्या जागी नवे फोड आले. मामंजी पहिल्या दिवशी दारातच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी एक पेड कातला आणि तो सारखा आला नाही. मधेच जाड, मधेच बारीक. मामंजी काठी टेकत आले, डाव्या हाताच्या बोटांनी पेड चाचपला आणि म्हणाले, "हो." त्या 'हो'चा अर्थ मला कळला. तो पेड मी उकलला आणि पुन्हा कातला.

तिसऱ्या पेडापर्यंत ते वाटेवरच होते. उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून आत्याबाईंनी ठोकळ्याला पट्टा बांधून तो त्यांच्या कमरेला अडकवला. डावा हात पेडांवर. पाय ओढत मागे मागे चालायला कष्ट पडत होते, तरी ते चालले. घसरगाडीवर दगड चढवले, पेड ताणले गेले, बेचक्यांवरून उचलले गेले आणि गुणगुणायला लागले. मी चाकाला हात घातला.

किती फेरे झाले कुणास ठाऊक. माझा हात थांबला. डोक्याला कळायच्या आधीच थांबला. दोन हिसके आले होते. पीळ जास्त होत होता, पेडावर गाठोळी चढायला लागली होती. मी थोडं उलटं फिरवलं. मग एक हिसका आला, चालू दे.

मी चाक सोडून तिथेच खाली बसले आणि रडले. आत्याबाई मधून ओरडत होत्या, "काय झालं? सूनबाई, काय झालं?" मला उत्तर देता येईना. आमच्याकडे त्या दिवशी बोलता येणारी माणसं कमीच होती.

मग बाईंनी सांगितलं होतं तसं केलं. आत्याबाईंनी मामंजींजवळ जाऊन विचारलं, "आपल्याला मुलगी आहे?" दोन हिसके. "मुलगा आहे?" एक. "तो ट्रकवर आहे?" एक. "घरी आहे?" दोन. प्रत्येक वेळी तोंडाने 'हो'च म्हणायचे, पण हात चुकत नव्हता. बोलण्याआधीपासूनचं असावं तसं काहीतरी त्या हातात जागं होतं. वाटेचं मात्र आत्याबाईंनी विचारलं नाही. "ते सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळीच खडीची गाडी फाटकापाशी येऊन उभी राहिली. पुढे काका, मागे गिरणीवाले. वाटेवर तीन पेड आरपार ताणलेले बघून काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय मधेच मांडलंय?"

"तराफ्याचा दोर," मी म्हटलं. "गिरणीवाले, तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंत, आता त्यांच्या हातूनही ऐका. इथे या. पेडावर हात ठेवा. तुमचा स्वतःचा."

"पुन्हा तोच खेळ," काका म्हणाले. "त्याचा हात थरथरतो. थरथरला की ह्या म्हणणार, बोलला."

गिरणीवाले घुटमळले. पण घुटमळून का होईना, आले आणि आपला जाड तळवा पेडावर ठेवला. धंद्यातला माणूस, म्हणाले, "प्रश्न माझे मी विचारणार. वहिनी, तुम्ही फक्त तिकडे पोचवा." आत्याबाईंनी मान डोलावली.

"माझ्या वडलांना ओळखत होते का, विचारा."

आत्याबाई दूरवर मामंजींशी बोलताना दिसल्या. पेड एकदाच हलला. गिरणीवाल्यांची बोटं दचकली.

"त्यांचं नि दादांचं कधी भांडण झालं होतं?"

दोन हिसके.

"आणि माझं?"

एकच हिसका आला, पण असा की चाकच गदगदलं. खडीवाला गाडीवान खो खो हसला. गिरणीवाले लाल झाले. "तागाच्या वजनावरून," ते पुटपुटले. "गेल्या साली. लक्षात ठेवलंय की म्हाताऱ्याने!" मग त्यांनी काकांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "विचारा, वाट मला द्यायची का?"

सगळी वाट शांत होती. मामंजींचा "हो, हो" आमच्यापर्यंत वाऱ्यावर आला. काकांनी तो ऐकला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात पेडाला दोन हिसके बसले. स्वच्छ, मधे नीट जागा सोडून.

"उलटं विचारा. वाट ठेवायची?"

एक.

गिरणीवाल्यांनी हात काढला नाही. तसेच उभे राहिले, आणखी काही येतंय का बघत. मग गाडीवानाला म्हणाले, "फिरव गाडी. वळशाने जाऊ."

"अहो, पण ते ठरलं होतं..." काका म्हणाले.

"कोणाशी ठरलं होतं?" गिरणीवाले म्हणाले. "मी त्यांना खरं विचारलं ते आजच." जाताना ते वाटेच्या कडेने पार पलीकडे चालत गेले आणि मामंजींना नमस्कार करून काहीतरी बोलले. ओरडले नाहीत, हे मी इथून बघितलं. काका फाटकातूनच निघून गेले. दोन दिवस आले नाहीत. मग आले ते मुकाट्याने घसरगाडीचे दगड उचलायला लागले, आणि आम्हीही विषय काढला नाही.

गाडी गेल्यावर मला वाटलं आता काम सुरू. पण आत्याबाई माझ्याकडे आल्या. "सरक. मला हात ठेवू दे. तू जा तिकडे आणि विचार."

मी मामंजींजवळ जाऊन उभी राहिले. आत्याबाई चाकापाशी, पेडावर हात ठेवून. तिथून त्या ओरडल्या, "विचार, रोज दुधात भाकरी कुस्करून देते ती आवडते का त्यांना?" मी विचारायच्या आतच मामंजींनी ऐकलं होतं. दोन हिसके, पाठोपाठ आणखी दोन. "अरे देवा!" आत्याबाई म्हणाल्या. "इतके महिने! आणि रोज हो म्हणून खाताय!"

मग त्यांनी विचारलं, "रेडिओ हवा का?" एक. "भावावर राग आहे?" जरा थांबून, दोन. "मुलाला बोलावून घेऊ?" दोन. त्यांना जसा चेवच चढला होता. नंतर त्यांचा आवाज उतरला, इतका की मला कान द्यावा लागला.

"मी फार बोलते का?"

मामंजींनी पेडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठाचा बरा असलेला कोपरा वर गेला. मग त्यांनी एक हिसका दिला.

मी हसले. आत्याबाई नाही हसल्या. पेडावरचा हात काढून त्या सगळी वाट चालत आल्या, बेचक्यांच्या कडेकडेने, एक शब्दही न बोलता, आणि मामंजींसमोर घसरगाडीच्या काठावर बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले. मामंजी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या गळ्याची शीर हलली, घाम फुटला, जबडा पुढे आला. मला वाटलं, आता 'हो' येणार. आत्याबाईंचे ओठ हलायला लागले होते. त्यांनी ते दातांखाली दाबले.

"अ..." मामंजी म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "अगं."

पुढचं काही आलं नाही. येत असावं कुठेतरी, वाटेत असावं. आत्याबाईंच्या गालांवरून पाणी खाली येत होतं, पण पुढचं त्या बोलल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या, वाट बघत. मीही उभी राहिले. चाक तिकडे थांबलेलं होतं आणि कुणालाच घाई नव्हती.